मराठीत जड, चांद्रीत हलकं

गणपा पहिलवान विहिरीपासून वीस पावलं मागं गेला, मिशीला पीळ दिला आणि धावत येऊन त्यानं उडी घेतली.

"पडला," फिरोज म्हणाला.

"अरे, अजून हवेत आहे तो. जरा दम धर," विश्राम मास्तर म्हणाले.

"मराठीतला गणपा नेहमी विहिरीतच पडतो."

"पडतो खरा. का पडतो ते सांगतो. एक तर पहिलवान माणूस, त्यात सकाळी अडीच शेर बासुंदी हाणलेली. अंगानं जड. आणि जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर खाली येते, हे तर शेंबडं पोरही जाणतं."

मास्तर इतक्या गंभीर चेहऱ्यानं हे बोलले की एखाद्या परक्याला खरंच वाटलं असतं. पण समोरची पाच पोरं मास्तरांच्या हाताखालून गेलेली होती. मास्तरांच्या प्रत्येक गोष्टीत एक थाप असते आणि ती शोधल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही, हा शाळेचा रिवाजच होता. अवनी उठली. एका हातात तिनं लोखंडी गोळा घेतला, दुसऱ्यात लाकडी, आणि दोन्ही एकदम सोडले. धप्प असा एकच आवाज आला.

"थाप," अवनी म्हणाली. "दोन्ही बरोबर पडले. बासुंदीचा संबंध नाही मास्तर. पलीकडे पोचायला गणपाला जेवढा वेळ पाहिजे, त्याच्या आतच जमीन त्याला खाली ओढते. उडी कमी पडत नाही, वेळ कमी पडतो."

"बासुंदीचा संबंध नाही म्हणतेस? मग मी उगाच आयुष्यभर जपून खाल्ली," मास्तर म्हणाले आणि बसल्या जागेवरून त्यांनी तिला मान लववली.

ही शाळा भरायची चंद्रावर. तिचं नाव फिरकीशाळा. पाण्यानं भरलेली बादली हातात धरून गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, तळाला चिकटून बसतं. त्याच न्यायानं एका प्रचंड पिंपाला गती देऊन आत पृथ्वीइतकं वजन तयार केलं होतं. चंद्रावर वजन सहावा हिस्सा. तिथं जन्मलेल्या पोरांची हाडं वाळक्या शेवग्यासारखी होऊ नयेत म्हणून त्यांना रोज सकाळी फिरकीत घालायचं. फिरकी इतकी जुनी आणि इतकी कुरकुरणारी होती की चंद्रावर कोंबड्या असत्या तर त्यांनी अंडी घालायचं सोडून दिलं असतं.

सकाळचा वर्ग संपला, फिरकी थांबली, आणि पोरं बाहेरच्या मोठ्या दालनात आली. गोष्ट तिथं पुढं चालू झाली, पण चांद्रीत. चांद्री ही पोरांनीच बनवलेली भाषा. वसाहतीत अकरा देशांची माणसं, कामकाज मात्र मराठीत. त्यांच्या पोरांनी खेळता खेळता कुणाच्या आईचे शब्द उचलले, कुणाच्या बापाच्या शिव्या उचलल्या आणि त्यांची एक भाषा केली. मास्तर ती पोरांकडूनच शिकले होते.

चांद्रीतला गणपा त्याच विहिरीपाशी आला, तेवढ्याच जोरानं धावला, आणि उडाला तो उडालाच. विहीर मागं पडली, गोठा मागं पडला. हवेतल्या हवेत त्यानं उजव्या मिशीला पीळ दिला, मग डाव्या मिशीला दिला, आणि शेवटी सासऱ्याच्या अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर अलगद उतरला. पाचही पोरं गणपाबरोबर उडाली, दालनभर तरंगली आणि पापड मोडणार नाहीत अशा बेतानं उतरली. मग अंतर मोजलं. उडी सहापट, हवेतला वेळही सहापट. नियम मास्तरांनी सांगितला नाही. तो पोरांना गणपानंच सांगितला.

वसाहतीच्या मेंदूतज्ज्ञ डॉक्टर कालिंदी गवाणकर दाराशी उभं राहून हे बघत होत्या. पोरं पांगल्यावर त्या पुढं आल्या.

"मास्तर, तुमच्या पोरांबद्दल बोलायचंय."

"कुणी काय फोडलं?"

"काहीच फोडलं नाही. तीच तर तक्रार आहे. दुसऱ्या वसाहतींतली पोरं फिरकीतून बाहेर आली की तासभर भिंतींना आपटत असतात. तुमची का नाही आपटत?"

"माझी पोरं गुणी आहेत."

"तुमची पोरं द्वाड आहेत. ऐका. अंधारात जिना उतरताना, अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकला आणि ती नसली, तर कसा हिसका बसतो?"

"दात वाजतात."

"कारण पाय उचलायच्या आधीच मेंदूनं ठरवलेलं असतं, केवढं खाली जायचं, केवढा भार येणार. त्याला मी देहांदाज म्हणते. आपण चालतो ते जमिनीवर नाही, या अंदाजावर चालतो. आता बहुतेकांच्या मेंदूत हा अंदाज एकच असतो. वजन बदललं की जुना पुसायचा, नवा लिहायचा. त्याला वेळ लागतो, तोवर आपटाआपटी. पण तुमच्या पोरांना मी मेंदूटोपी घालून पाहिलं. त्यांच्याकडे दोन आहेत, दोन्ही पक्के, शेजारी शेजारी ठेवलेले."

"मग कुठला कधी काढायचा हे त्यांना कळतं कसं?"

"खुणेवरून. सासुरवाशीण माहेरच्या उंबऱ्यात पाऊल टाकते आणि तिची चाल बदलते की नाही? ती मुद्दाम बदलते का? उंबरा दिसला की आपोआप होतं. तुमच्या पोरांचा उंबरा म्हणजे भाषा. मराठी कानावर पडली की पृथ्वीचा अंदाज वर येतो, चांद्री पडली की चंद्राचा."

मास्तरांचा विश्वास बसेना. स्वतः थापा मारणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं खरं लवकर पटत नाही. "नुसत्या भाषेनं एवढं होतं?"

"नुसत्या नाही. गोष्टीनं. गोष्ट ऐकताना पोर अंगानं गणपा होतं, त्याच्याबरोबर उडतं, त्याच्याबरोबर आपटतं. व्याख्यान ऐकून कुणाचा देहांदाज बदलत नाही. माणूस झोपतो फक्त." डॉक्टरीणबाईंनी वळून दालनाच्या टोकाशी असलेल्या अवनीला मराठीत हाक मारली, "अवनी बाळा, जरा इकडे ये गं."

अवनीनं वळून पहिलं पाऊल टाकलं ते पृथ्वीच्या जोरानं, आणि ती सरळ छताला जाऊन टेकली. तिथूनच तिनं चांद्रीत काहीतरी म्हटलं. त्याचं भाषांतर डॉक्टरीणबाईंनी मागितलं नाही.

त्या दिवसापासून वसाहतीत एक नियम झाला. पोरांशी फिरकीत मराठी, बाहेर चांद्री. पाळायला भलताच अवघड. चांद्रीत लाड करता येत, भाजी मागता येत असे, पण मोठ्यांना तीत धड रागावता येत नसे. त्यामुळं पोरानं काही उद्योग केला की आईबाप त्याला बखोटीला धरून फिरकीत नेत, फिरकी चालू करत, पोटभर मराठीत रागावत आणि घामाघूम होऊन बाहेर येत. फिरकीशाळेच्या दाराशी संध्याकाळी अशा आईबापांची रांग लागे. मोठ्यांना आपापसात मात्र कसलाही नियम नव्हता. मोठे पृथ्वीवर जन्मलेले. त्यांना काय धाड भरलीय?

नियमामागचा हेतू साधा होता. चंद्रावर जन्मलेलं एकही मूल तोवर पृथ्वीवर आपल्या पायानं फिरलेलं नव्हतं. जी गेली ती चाकाच्या खुर्चीत बसून आली. आता मास्तरांच्या पाच पोरांना पाठवायचं ठरलं. बरोबर एक मोठं माणूस हवं, ते अर्थात मास्तर. अट एकच. यान उतरतं त्या उतारतळावर चालण्याची परीक्षा होणार, आणि सगळी तुकडी पास झाली तरच फाटकाबाहेर महिनाभर मोकळं फिरायचं. एक जरी पडला, तर सगळ्यांनी परतीचं यान येईस्तोवर तळाच्या भिंतींच्या आत बसायचं.

मास्तरांचा जीव या फाटकात अडकला होता. उतारतळ भंडाऱ्याच्या पूर्वेला, आणि तिथून हाकेच्या अंतरावर त्यांचं गाव, पिपरटोला. गावात त्यांची थोरली बहीण भागरथाबाई, वय पंच्याऐंशीच्या घरात. मास्तर चंद्रावर गेल्यापासून तीस वर्षं भावाबहिणीचं धड बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं काही. चंद्रावर आवाज जाऊन उत्तर परत यायला अडीच-तीन सेकंद लागतात, ते बाईंना पसंत नव्हतं. आपण विचारावं आणि समोरच्यानं तोंड बघत बसावं, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय, असं त्यांचं मत. त्यांनी पहिल्याच वर्षी फोन भाच्याच्या हातात दिला तो कायमचा. भाचा नागपुरात शिकलेला, तो मास्तरांशी पुस्तकी मराठीत बोलायचा आणि बाईंची खुशाली कळवायचा.

यान उतरलं. तळाच्या सगळ्या माणसांना डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं की पोरांशी फक्त मराठी, आणि पोरांनी आपसात चांद्रीचा चकार शब्द काढायचा नाही. अधीक्षक मेश्राम जातीनं हजर होते. परीक्षा म्हणजे पाण्यानं भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरून अंगण ओलांडायचं, तीन पायऱ्या उतरायच्या आणि तांब्या साहेबांच्या हातात द्यायचा.

फिरोज गेला. पाणी हललंसुद्धा नाही. अवनी तर पायऱ्यांवर थांबून म्हणाली, "साहेब, इथं वजन फिरकीपेक्षा अंमळ बरं आहे. कुरकुरत नाही." बाकीची तिघंही लग्नातल्या करवल्यांसारखी तांब्या मिरवत गेली. तळावरच्या स्वयंपाकिणीपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता मास्तर, तुम्ही. नावापुरतं," मेश्राम साहेब म्हणाले. "तुम्ही काय, इथलेच."

"इथलाच म्हणजे? या मातीत मी इतका खेळलोय की धुतल्यावर माझ्या अंगातून निम्मा तालुका निघायचा," मास्तर म्हणाले आणि तांब्या घेऊन ऐटीत निघाले.

चौथ्या पावलाला जमीन त्यांच्या अपेक्षेआधीच पायाला लागली. पाचव्याला ती वर येऊन गुडघ्याला भेटली. तांब्या साहेबांपर्यंत पोचला खरा, पण एकटाच, आणि पालथा.

मेश्रामांनी मिशीवरचं पाणी निपटलं. माणूस भला होता. प्रवासाचा शीण असेल, दुपारी पुन्हा बघू, पण ती शेवटची संधी, असं म्हणाला. दोन पोरांनी मास्तरांना दोन्ही बाजूंनी धरून ओसरीवर नेलं. खोट हाडात नव्हती की स्नायूंत नव्हती; पट्टे ताणायचा व्यायाम त्यांनी चंद्रावर कधी चुकवला नव्हता.

डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या. सगळं ऐकून त्या तीन सेकंद गप्प होत्या. ते अंतरामुळं. पुढचे दहा सेकंद गप्प होत्या, ते हसू दाबण्यासाठी.

"मास्तर, आपण दोघंही गाढव आहोत. पोरांची खूण आपण डोळ्यांत तेल घालून जपली. तुमची कुणी जपली?"

"मला कशाला खूण? मी पृथ्वीवर जन्मलोय."

"आणि तीस वर्षं चंद्रावर मराठीत बोलताय. माझ्याशी, आईबापांशी, स्वतःशी. फिरकीत तुम्ही कायम बैठकीवर बसून गोष्ट सांगता, तिथं एक पाऊल टाकत नाही. तुमच्या मराठीत आता पृथ्वीचा नाही, चंद्राचाच देहांदाज आहे. मराठीत बोलाल तर पडाल."

"चांद्रीत बोलू?"

"ती तर चंद्राचीच."

"मग तोंड बंद ठेवतो."

"मनातल्या मनात बोलाल. तेही मराठीतच. आणि तुम्ही गप्प बसलात असं मी कधी पाहिलेलं नाही."

मास्तर ओसरीवर बसून राहिले. समोर फाटक, फाटकापलीकडे भातलावणीला तयार, गाळानं भरलेल्या बांध्या, म्हणजे खाचरं, त्यांच्यापलीकडे गावाची झाडं. पोरं शेजारी ओळीनं बसली. सगळी फाटकाकडेच बघत होती. आपण शिकवलेलं पाचही जणांना आलं आणि आपल्याला आलं नाही, या गोष्टीचं एरवी मास्तरांनी एक बहारदार आख्यान रचलं असतं. आज सुचेना.

दुपारी परीक्षेची वेळ झाली. मास्तर एका हातानं भिंत आणि एका हातानं अवनीचा खांदा धरून उभे राहिले, तोच फाटकाशी एक रिक्षा थांबली. तिच्यातून आधी एक गाठोडं उतरलं, मग काठी उतरली, मग भागरथाबाई उतरल्या. पहारेकऱ्यानं विचारायच्या आत त्या आत आल्या आणि अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, पायऱ्यांच्या खाली उभं राहून त्यांनी भावाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काहून रे विश्या," त्या म्हणाल्या, "चंद्रावरून दारू पेऊन आला का?"

मास्तरांच्या कानात ही बोली पडून एक जन्म लोटला होता. "नाही व बाई," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "तिकडे भेटतेच कुठी."

"मंग लेकराइच्या खांद्यावर काहून लटकला? सोड त्या पोरीले. मान वर कर. पाय टेक नीट. पाय टेकवाले का मुहूर्त पायजे तुले?"

"येतो व. बोंबलू नको."

"तीस वरस झाले, येतोच म्हणते हा."

"हे काय, आलो ना माय."

आणि ते आलेच. खांदा सुटला, भिंत सुटली. अंगण ओलांडून, पायऱ्या उतरून मास्तर बहिणीच्या पायांवर वाकले तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की आपण वाकलो आहोत, कोसळलेलो नाही.

"मास्तर," वरून अवनी ओरडली, "तुम्ही चाललात."

"चाललो काय गं? खरंच की," मास्तर मराठीत म्हणाले, वळले आणि बदकन खाली बसले.

बसल्या जागी त्यांना सगळं उमगलं. जांभळाच्या झाडावरून पडायचं, तलावात उडी घ्यायची, चिखलात घसरायचं, हे सगळं या बोलीत झालं होतं. पुढं ते शिकायला शहरात गेले आणि बोली गावातच राहिली. चंद्रावर ती बोलायला कुणीच नव्हतं, म्हणून तिच्यातला पृथ्वीचा अंदाज जसाच्या तसा होता, डब्यात घालून ठेवल्यासारखा. त्यांनी मेश्रामांकडे पाहिलं. मेश्रामही याच मुलखातले.

"तांब्या भरा जी साहेब," मास्तर म्हणाले. "आता पाहा गंमत."

साहेबांनी तांब्या भरला. मास्तर वर गेले आणि तोंडानं बाईंशी आंब्याच्या झाडावरून जुना वाद घालत खाली आले. या वेळी साहेबांच्या मिशीवर थेंब उडाला नाही. फाटकाच्या परवान्यावर सही झाली.

बाईंना पोरांचं काय करू नि काय नको झालं. गाठोड्यातून त्यांनी मोहाची फुलं घालून केलेल्या भाकरीचे तुकडे काढले, पाचही जणांच्या हातांवर ठेवले आणि म्हणाल्या, "चाला बाप्पा घरी. बांधीतून जाऊ, जवळ पडते."

अवनीनं फाटकाबाहेर पाऊल उचललं ते उचललेलंच राहिलं. बगळ्यासारखी ती एका पायावर उभी. तिच्या मागं फिरोज तसाच. पाचही पोरं बांधावर एका रांगेत एकेक पाय वर करून उभी राहिली. मराठी नाही, चांद्री नाही. या तिसऱ्या भाषेत जमीन किती खाली असते, हे त्यांच्या पायांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"पाय खाली टेका रे पोरांनो, घाबरू नका," मास्तर घाईनं मराठीत म्हणाले. पोरांचे पाय झटक्यात खाली आले. मास्तर मात्र बांधावरून घसरून कमरेइतक्या गाळात जाऊन बसले.

"काय झालं व माय?" बाई घाबरून म्हणाल्या, आणि पोरांचे पाय पुन्हा वर.

फाटकातून मेश्राम साहेब बघत होते. मास्तर मराठीत बोलले की मास्तर पडणार, बाई बोलीत बोलल्या की पोरं थिजणार. या दोघांना एका वेळी एका वाटेनं घरी न्यायची युक्ती डॉक्टरीणबाईंच्या कुठल्याही सूचनेत नव्हती. परवाना परत मागावा की काय, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर उमटू लागला.

मास्तर गाळातून उठले नाहीत. उलट मांडी घालून नीट बसले, आणि बहिणीकडे बघून म्हणाले, "बाई, मी लहान असताना मले बांधीत रेड्याची गोष्ट सांगत होती, ते सांग व याहीले. हातवारे करून सांग. उड्या मारून सांग."

"आता? चिखलात?"

"चिखलातच."

बाईंनी पदर खोचला. रेडा बांधीत कसा शिरला, शिंगांवर बगळा घेऊन कसा नाचला, हे त्या काठी उगारून सांगू लागल्या. पोरांना शब्द अर्धेच कळत होते, पण रेडा पुरता कळला. फिरोजनं रेडा होऊन उडी घेतली आणि तोंडावर आपटला. अवनी बगळा झाली, घसरली, उठली, पुन्हा घसरली. मऊ गाळात धपाधप आवाज उठले. या तिसऱ्या भाषेत पाचही पोरं पहिल्यांदाच पडत होती, आणि दर पडण्याबरोबर पाऊल थोडं बरं पडत होतं.

"अवो आजी," मेश्राम साहेब न राहवून फाटकातून म्हणाले, "लेकरं पडून राहिली ना."

"पडू द्या जी," भागरथाबाई गोष्ट न थांबवता म्हणाल्या. "आपून का मायच्या पोटातून चालतच आलतो?"